सात नंबरच्या कोठडीतली थाळी

रविवार, १४ ऑगस्ट १९९४

आज जिंकलो. भांडून जिंकलो, हे लिहूनच ठेवतो.

जुन्या जेलच्या म्युझियममध्ये मी गाईड. मालतीवर माझा जीव, पण कॉलेज सोडलेल्या पोरानं आमची पायरी चढायची नाही, असं तिच्या अप्पांनी मला बजावलेलं. आज तेच गर्दीत उभे, सोबत मालती. अप्पा तीस वर्षं याच जेलमध्ये वॉर्डर होते.

सात नंबरच्या कोठडीत फाशी गेलेल्याचं भूत जेवणाच्या वेळी थाळी वाजवतं, हे मी रोजच्यासारखं सांगितलं.

"थापा," अप्पा म्हणाले. "तिथं फाशीचा कैदी कधीच नव्हता."

माझं डोकं सटकलं. "मग थाळी कोण वाजवायचं? तुम्हीच सांगा."

"शेजारी एक आंधळा म्हातारा होता. जेवण आलं हे त्याला कळावं म्हणून सातमधला वाजवायचा."

वर्षभर ती थाळी मी भुताच्या हातात का देत होतो?

अप्पा मग तासभर सांगत राहिले, लोक हलेनात. निघताना मला म्हणाले, "पोरा, उद्यापासून मीही येतो. दुपारचा डबा मालती आणेल."

काय बोलून गेले, त्यांना कळलं का? मालतीला कळलं. तिनं त्यांच्यासमोरच मला विचारलं, "डबे दोन आणू?"