भीतीला पाट

लिंबायत, सुरत
शनिवार, २४ सप्टेंबर १९९४

ती. अक्का,

हर्षदाचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. रेडिओवर प्लेगचं तू ऐकलंच असशील.

हे पत्र माझ्या चुलतदिराबरोबर, हिलालबरोबर पाठवते आहे. त्याच्यासोबत सोनालीही येते आहे. तिला ठेवून घे. किती दिवस, ते आता सांगता येत नाही. गल्लीतली निम्मी घरं काल संध्याकाळपर्यंत रिकामी झाली. लोक भांडी, गाद्या, शेळ्यासुद्धा घेऊन निघालेत. हे म्हणाले, स्टेशनवर माणसं डब्याच्या टपावर बसलीत. म्हणून पोरीला एकच पिशवी दिली आहे. फ्रॉक कमी आहेत, तुझ्या प्रियांकाचे जुने चालतील.

मी तिला सोडायला स्टेशनवर गेले नाही. ती माझा पदर सोडत नव्हती. शेवटी हिलालने तिला उचललं. ती रडली नाही. मला ते जास्त लागलं.

आम्ही दोघं मागाहून येऊ. यांचं मागाच्या खात्यातलं थोडं काम राहिलं आहे, माझं शाळेचं आहे. आणि त्या गर्दीत मला सध्या उभं राहवत नाही. विशेष काही नाही, अशक्तपणा आहे.

अक्का, एक विचारायचं होतं. माय जात्यावर ओव्या जोडायची, आपल्या दोघींची नावं घालून. तुला त्यातली एखादी पूर्ण आठवते का? मला अर्ध्यामुर्ध्या आठवतात. मधूनच तुटतात. आठवली तर लिहून पाठव. हसू नकोस, सहज विचारते आहे.

माग बंद आहेत. बारा वर्षांत या गल्लीत मी कधी एवढी शांतता ऐकली नव्हती. भिंतीपलीकडे कुणी खोकलं तरी ऐकू येतं, आणि मग आपण मोजत बसतो की तो परत खोकतो का.

सोनालीला उकळलेलं पाणी दे.

तुझी,
हर्षदा


लिंबायत
रविवार, ९ ऑक्टोबर १९९४

ती. अक्का,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. सोनाली जेवते, प्रियांकाशी भांडते, हे वाचून बरं वाटलं. भांडते म्हणजे रुळली.

तू लिहिलंस, "खात्याला कुलूप, शाळेला कुलूप, मग तुम्ही दोघं कशाची राखण करता?" तुला फसवणं मला लहानपणीही जमलं नाही. आता लिहिते. आधी बस कुठेतरी. भाऊजी घरात असले तर त्यांना जवळ बोलाव.

होळीनंतर माझं पोट डाव्या बाजूला जड वाटायला लागलं. मला वाटलं, दिवस गेले. यांनाही तसंच वाटलं, त्यांनी तर पेढेसुद्धा आणले होते. सोनालीनंतर दहा वर्षांनी! मग डॉक्टरांनी रक्त तपासलं, कमरेच्या हाडात सुई घालून आतलं पाणी काढलं आणि सांगितलं की पोटात वाढते आहे ती प्लीहा. मला रक्ताचा कॅन्सर आहे, अक्का. सावकाश चालणारा आहे म्हणतात. गोळ्यांनी काही वर्षं आवरतो. किती वर्षं, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "बहेन, गोळी वेळेवर घ्या."

यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीत कळलं असतं तर लोकांनी पोरं माझ्या वर्गातून काढली असती. उद्या सोनालीच्या लग्नात कुणी उकरून काढलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस आणि तुझ्या तोंडाकडे पाहून मला ते खरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, गर्दीत जाऊ नका, दुसऱ्याचा ताप तुम्हाला पेलणार नाही. म्हणून गाडीत बसले नाही. आणि हे मला सोडून जाईनात.

सोनाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला ताप भरला.

त्या दिवसांत लिंबायतमध्ये ताप येणं म्हणजे काय, हे तुला तिथे बसून कळणार नाही. हे माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि बाहेर आवाज जाऊ नये म्हणून मी तोंडात पदर धरून खोकत होते. तरी कळलंच. सकाळी दहाच्या सुमाराला दारावर थापा पडल्या. आमच्या समोरचा राघो आणि आणखी पाचसहा जण, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. कोपऱ्यावर तपासणीची गाडी उभी होती.

"गोपालभाऊ, वहिनींना ताप आहे ना? गाडीत बसवा. आमची पण लेकरं आहेत."

"साधा ताप आहे," हे म्हणाले.

"साधा ताप कोणाला येतो सध्या? तुम्ही बसवा, नाहीतर आम्ही बसवतो."

राघो वाईट माणूस नाही, अक्का. गेल्या वर्षी यांचं बोट मागात सापडलं तेव्हा त्यानेच यांना पाठीवर घालून दवाखान्यात नेलं होतं. पण त्या दिवशी त्याचे डोळे वेगळे होते. माझेही तसेच असतील. मला एकच दिसत होतं, त्या गाडीत तापलेली माणसं एकमेकांना टेकून बसलेली, आणि त्यांच्यात मी, माझं हे असलं रक्त घेऊन.

त्यांनी यांना दारातून बाजूला ढकललं. मी उठले. भिंतीला धरून दारापर्यंत आले आणि ओरडले, "मला प्लेग नाही! मला कॅन्सर आहे! रक्ताचा कॅन्सर आहे मला!"

सगळे थांबले. मागून कुणीतरी चक्क "हाश" केलं. राघोने तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"मग तसं सांगायचं ना, वहिनी," तो म्हणाला. "आमचा तर जीवच गेला होता."

आणि गेले. खरंच गेले, अक्का. सहा महिने जो शब्द मी उशीखाली दाबून ठेवला होता, तो ऐकून माणसांना हायसं वाटलं. मी उंबऱ्यात बसून हसायला लागले. हे घाबरले, त्यांना वाटलं ताप डोक्यात गेला.

फक्त शेजारच्या शोभाबाई मागे राहिल्या. त्या अकोल्याकडच्या. गावी कुणी उरलं नाही म्हणून त्या गेल्या नव्हत्या. त्या सरळ आत आल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "कायले हासतं वं माय? रडून घे ना." मग मी रडले.

दुपारी यांनी मला सायकलच्या मागे बसवून डॉक्टरांकडे नेलं. रस्त्यावर कुत्रीसुद्धा नव्हती. यांच्या पाठीला डोकं टेकून बसले होते, आणि यांची पाठ थरथरत होती. चढामुळे, असं ते म्हणाले. आमच्या रस्त्यावर चढ नाही.

डॉक्टर पळाले नव्हते, हे नशीब. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, आणि पुन्हा ती हाडातली सुई. आता खरं सांगते, ओव्या कशाला विचारल्या होत्या ते. पहिल्यांदा सुई घातली तेव्हा मी देवाचं नाव घेऊ गेले आणि ते आलंच नाही. एवढ्या कविता मुलांकडून पाठ करून घेते, त्यातली एकही आली नाही. आली ती मायच्या जात्याची लय. नुसती लय, शब्द नाहीत. त्या लयीला धरून मी श्वास घेत राहिले. तेव्हापासून शब्द शोधते आहे.

तू लिहिलंस की तुलाही आठवत नाहीत, आणि वर लिहिलंस, "तूच जोड, तू मास्तरीण ना?" तुझं पत्र तेव्हा आलं नव्हतं, पण टेबलावर पालथी पडल्यावर मी तेच केलं. आपल्या घरच्या बोलीतच जुळलं, पुस्तकी मराठीत जुळेना:

भीती ऊनी दारमा, तिले टाकू मी पाट व,
पानी पी ना बाई, मंग धर तुन्ही वाट व.

सुई बाहेर निघेपर्यंत मी हेच घोकत होते. डॉक्टरांना वाटलं मंत्र म्हणते आहे.

ताप औषधाने उतरला, ओवीने नाही, एवढं मला कळतं. पण सुई आत असताना औषध हात धरत नाही. आता रोज एखादी जोडते. दवाखान्यावर, गोळ्यांवर, यांच्या पातळ वरणावर. शोभाबाईंना म्हणून दाखवते. त्या फार कडक आहेत. काल म्हणाल्या, "हे नाई जमलं. यमक जुळलं, पन जीव कुठी हाय?"

जे मुख्य लिहायचं होतं ते अजून लिहिलेलं नाही. आज एवढंच पुरे. सोनालीला काही सांगू नकोस. मी सांगेन.

तुझी,
हर्षदा


लिंबायत
रविवार, १५ जानेवारी १९९५

ती. अक्का,

नमस्कार. तिळगूळ पोचला. सोनालीने निम्मा तिळगूळ गच्चीवर पतंग उडवणाऱ्यांना वाटला. आजही सगळी गल्ली छपरांवर आहे, घरात आम्ही दोघी शेजारणी. शोभाबाई भिंतीला टेकून पेंगताहेत.

दिवाळीनंतर तू सोनालीला आणून सोडलंस, तेव्हा तू नुसती माझी पाठ चोळत राहिलीस. सोनालीला मी सांगेन असं तुला लिहिलं होतं आणि रोज पुढे ढकलत होते. गेल्या आठवड्यात तिनेच विषय काढला. मी तिची वेणी घालत होते.

"मम्मी, तुला केन्सर आहे ना?"

माझा हात थांबला. "कोणी सांगितलं?"

"बधाने खबर छे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तू दारात उभी राहून ओरडली होतीस." मग मान न वळवता म्हणाली, "त्यांना ओरडून सांगितलंस. मला का नाही सांगितलं?"

गावाहून आल्यापासून तिला माहीत होतं. दोन महिने पोर गप्प राहिली, मी घाबरेन म्हणून. मी म्हटलं, "त्यांना सांगायची भीती नाही वाटली. तुला सांगायची वाटली."

"दुखतं?"

"कधी कधी."

"मग काय करतेस?"

मी तिला ती पाटाची ओवी म्हणून दाखवली. आधी ती हसली. पोरगी गुजरातीत वाढलेली, तिला आपली बोली गमतीची वाटते. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "अने ए पाणी पीने न जाय तो?" पाणी पिऊनही ती गेलीच नाही तर?

मी वेणी पुरी केली, रिबीन बांधली, तिला शाळेला पाठवलं. दिवसभर वर्गात फळ्यावर लिहीत होते आणि डोक्यात तेवढंच. संध्याकाळी तिला म्हणाले, ऐक:

नही जास ते बस व बाई, नको धरू मन्हा हात,
लेकनी वेनी घालनी शे, मंग करसू तुन्हासंगे बात.

शोभाबाई म्हणाल्या, "हे जमलं."

सोनालीने पाठ वळवली आणि सोडलेले केस माझ्यापुढे केले. संध्याकाळी कुणी वेणी घालतं का? पण घातली.

आता ते मुख्य. यावेळचं रक्त चांगलं आलं नाही. पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्यात, गोळ्या पुरेनाशा झाल्यात. मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणतात, तिथे इंजेक्शनांचा नवा उपचार आहे. पुढच्या सोमवारी आम्ही निघतो. किती दिवस राहावं लागेल ते गेल्यावरच कळेल. तू ये. सोनालीजवळ राहा. शाळा बुडू देऊ नकोस.

हे मी तुला सप्टेंबरपासून लिहू पाहते आहे. हिलालच्या हातात तिची पिशवी दिली तेव्हाही हेच मनात होतं, आणि मी फ्रॉकांबद्दल लिहिलं. मी परत आले तर प्रश्नच नाही. नाही आले, तर तिला तू वाढव. हे चांगले आहेत, पण एकटे पडतील. त्यांनी दुसरं घर मांडलं तर बोल लावू नकोस, नीट मांडून दे. सोनालीला मात्र सावत्रपणाची सावली लागू देऊ नकोस. तिला शिकव. तिला कवितेतले गुण कमी पडले तरी चालतील.

लिहिलं एकदाचं. मला वाटलं होतं, हे लिहून झालं की भीती जाईल. गेली नाही. मी रात्रंदिवस घाबरलेली असते. गाडीला घाबरते, मुंबईला घाबरते, पोरीने निरोपाला हात हलवला तर काय, त्यालाही घाबरते. पण घाबरत घाबरत पोळ्या लाटता येतात, वह्या तपासता येतात, दोन ओळी जुळवता येतात, हेही आता कळलं आहे. एवढंच हाताशी आहे, तेच घेऊन निघते.

वर ओरडताहेत, कुणाचा तरी पतंग कापला. सोनाली हाका मारते आहे, दोन जिने चढवतील का पाहते.

तू नक्की ये. निघण्याआधी काय ते रडून घे, इथे मात्र हसत ये.

भ्यालेली, पण अजून तुझीच धाकटी,
हर्षदा