आईची खुर्ची

२ मार्च

पोचले एकदाची! एजंटने सांगितलं होतं त्यापेक्षा घर दुपटीने देखणं आहे. एजंट खरं बोलल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा. पांढऱ्या भिंती, नवी फरशी, बोट लावायलाही भीती वाटावी अशी चकचकीत कपाटं, आणि जेवणाच्या खोलीला एवढी मोठी काच की समुद्र घरातच राहायला आलाय असं वाटावं. मागच्या दाराच्या पायऱ्या उतरल्या की थेट वाळू. जुनं घर होतं म्हणे, एका कुटुंबाचं. बिल्डरने घेतलं, आतून सगळं नवं केलं आणि आता विकायला काढलंय.

माझं काम ऐकून भाऊ पोट धरधरून हसला होता. घर विकलं जाईपर्यंत मी इथे राहायचं आणि इथे एक सुखी कुटुंब नांदतंय असं भासवायचं. रिकामं घर लोकांना आवडत नाही. टेबलावर मांडलेल्या ताटल्या, दोरीवर टॉवेल, दाराशी चपला दिसल्या की गिऱ्हाईक विरघळतं. एजंटने खोकंभर सामान दिलंय, बाबांचं, आईचं, मुलाचं, मुलीचं. अट एकच, मांडलेलं काही मी वापरायचं नाही. झोपायचं मागच्या खोलीत आणि जेवायचं ओट्याशी उभ्याने. भावाकडे राहायला गेल्यापासून त्याची सवय आहे म्हणा मला, वहिनी पंगत उठल्यावरच मला वाढते.

मुलीच्या चपला मात्र खोक्यात निघाल्याच नाहीत. मग मी माझ्या ट्रंकेतून भिंगरीच्या काढल्या, लाल, बक्कल असलेल्या. माझी लेक. तापाने गेली, त्याला आता दोन वर्षं होतील. सात वर्षांची होती. एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून भिंगरी. समुद्र दाखव, समुद्र दाखव करून डोकं खायची, आणि दर सुटीत काही ना काही आडवं यायचं. आता चपला तरी बघतील समुद्र. दाराशी ठेवल्या, त्या हाताच्या सवयीने उलट्याच ठेवल्या, डावी उजवीकडे नि उजवी डावीकडे. ती तशाच घालायची आणि तशीच पळायची.

५ मार्च

आज पहिलं गिऱ्हाईक, नवरा-बायको. वास सुटावा म्हणून पाव भाजून ठेवला होता. नवरा प्रत्येक नळ सोडून बघत होता, जणू एखाद्यातून दूध येणार होतं. बायको टूथब्रशांपाशी थांबली, किती गोड कुटुंब आहे म्हणाली. मुलगी कितवीत आहे म्हणून तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दुसरीत. ती दोघं गेल्यावर बाथरूमचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. मग टॉवेल परत नीट घडी करून ठेवला.

९ मार्च

मी वेंधळी आहे हे मान्य, पण इतकी? मुलाचा टूथब्रश ओला आहे. बाबांचा टॉवेलही. जिभेला लावून पाहिला तर खारट. समुद्राकाठची हवा, असं मनाला समजावलं. पण भिंगरीच्या चपलांत वाळू आहे, नुसती उडून आलेली नाही, टाचेखाली दाबून बसलेली.

एजंटला फोन केला, माझ्यामागे कुणाला पाठवता का म्हणून. तो म्हणाला, मावशी, किल्ली तुमच्याकडेच आहे, वाऱ्याने येते हो वाळू. मला मावशी म्हणतो, स्वतःचे केस पिकलेत तरी!

११ मार्च

दुपारी टेबल मांडून पुढच्या झाडांना पाणी घालायला गेले. भरती होती, लाटा मागच्या पायऱ्यांपर्यंत येत होत्या. परत आले तर बाबांची खुर्ची ओढलेली. मुलाच्या ताटलीतलं उकडलेलं अंडं सोलून खाल्लेलं, टरफलं तिथेच. तीन खुर्च्यांची बैठक ओली, फरशीवर पाणी. चौथी, आईची, कोरडी. जशी आत सरकवून ठेवली होती तशीच.

पुसून घेतलं सगळं. चौदाला घर बघायला माणसं यायची आहेत.

१२ मार्च

समोरच्या शिंपीणबाईंकडे गेले. या घराचे पडदे त्यांनीच शिवलेत. माझं ऐकता ऐकता त्यांनी मशीन थांबवलं.

इथे राहायचं ते कुटुंब चौघांचं. एका रविवारी बाप दोन्ही मुलांना घेऊन पोहायला उतरला. आई घरात टेबल मांडत होती. तिघंही परत आली नाहीत, हाती काहीच लागलं नाही. ती माउली पुढे कित्येक वर्षं रोज चौघांचं टेबल मांडायची. ते येतात, जेवतात, असं शिंपीणबाईंना सांगायची. पण स्वतः कधी खुर्चीला टेकायची नाही. उभ्याने वाढायची. मी बसले की मला घेऊनच जातील, म्हणायची. शेवटी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. त्याच्याच घरी वारली, समुद्रापासून लांब.

मी निघताना शिंपीणबाई एवढंच म्हणाल्या, "टेबल मांडू नका हो बाई. त्यांना अजून ठाऊक नसेल ती गेल्याचं."

१४ मार्च

टेबल मांडलं नाही, तर एजंटने येऊन माझी हजेरी घेतली आणि स्वतः मांडलं. पहिलं जोडपं पुन्हा आलं होतं. बायको हौसेने आईच्या खुर्चीवर जाऊन बसली, समुद्र कसा दिसतो बघायला. बसली आणि खोकायलाच लागली. थांबेना. रुमालात पाणी, नुसतं पाणी, खारट वासाचं. नवऱ्याने हाताला धरून उठवलं तेव्हा कुठे श्वास लागला. घर नको म्हणून सांगून गेले. एजंट मला म्हणाला, ठसका लागला असेल.

मी बॅग भरली आहे. सकाळी निघते.

१५ मार्च

निघाले नाही.

काल भिंगरीच्या चपला मी मुद्दाम सुलट ठेवल्या होत्या. आज निघताना उचलायला गेले तर उलट्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, आत ओली वाळू.

पायरीवर बसून राहिले. समुद्र बघायचा होता ना गं तुला? आलीस ना?

बॅग रिकामी केली.

१६ मार्च

आज टेबल मनापासून मांडलं. मुलीच्या ताटलीत पाव, लोणी, वर साखर. भिंगरी मधला मऊ भाग तेवढा खायची आणि कडा ठेवायची. म्हणायची, ही माझी खिडकी. त्या खिडकीतून माझ्याकडे बघून जीभ दाखवायची.

मागच्या खोलीत डोळे मिटून बसले. दार वाजलं. ओली पावलं. मग हसणं, लहान मुलीचं. मी डोळे उघडले नाहीत. उघडले आणि ती गेली तर?

दोन वर्षांत इतकी सुखात नव्हते मी.

१७ मार्च

पाव. कडा खाल्ल्यात. मधला भाग तसाच आहे.

असेल. मुलांच्या आवडी बदलतात. वहिनीचा धाकटा नाही का, वांग्याला तोंड लावायचा नाही, आता मागून घेतो.

बदलतात.

१८ मार्च

आजही तेच. कडा नाहीत. मधला भाग लोण्यासकट तसाच.

मनात आलेलं इथे लिहायचं नाही.

१९ मार्च

एजंटचा फोन. घर विकलं गेलं. घेणाऱ्याने न बघताच घेतलं, सगळं पुन्हा फोडून त्याला ऑफिस करायचंय. मांडलेलं सामान न्यायला उद्या दुपारी ट्रक येईल. टेबल, खुर्च्या, सगळंच. मावशी, सुटलात, म्हणाला.

एकदा मी तिला या हातांनी पोचवलं. पुन्हा नाही. पुन्हा नाही जमायचं मला.

उद्या बघणार आहे.

२० मार्च

दुपार. भरती. वही हातात धरून दाराआड उभी आहे.

आले. बाप पुढे. अंगावरून पाणी निथळतंय, तोंड खिडकीकडे. मुलगा. मग ती —

पाठमोरी. केस ओले, कंबरेपर्यंत. भिंगरीचे मानेवर होते —

टाचा चपलेच्या बाहेर आल्यात. पांढऱ्या, फुगलेल्या. चपला लहान पडतात तिला. केवढ्यातरी लहान. बक्कल मांसात रुतलंय, तरी घातल्यात —

उलट्या. पहिल्या दिवशी मीच तशा ठेवल्या होत्या. तिला वाटलं असेल, अशाच घालायच्या —

माझी नाही. माझी भिंगरी नाही ही. ती कुठेच नाही. दोन वर्षं झाली, कुठेच नाही

दार वाजतंय पुढचं. ट्रक. हमाल हाका मारतायत. मावशी, मावशी

ती वळली. चेहरा — नको

पाव हातात धरलाय. माझ्याकडे बघून —

आई म्हणाली.

मला. आई म्हणाली मला. दोन वर्षांत कुणी

चौथी खुर्ची बापाने ओढून धरलीय. ओली झालीय आता. जरा टेकते. नुसती टेकते. वही टेबलावर —

घशात पाणी — गार — तिचा हात किती गार

पाव कापून देते. मधला काढून — नको. हिला कडा आवडतात. कडाच. मी लक्षात ठे