ऐरावतीच्या डाव्या कुशीची व्यवस्था

मी, डॉक्टर पद्माकर त्र्यंबक चौबळ, वय वर्षे पंचावन्न, व्यवसाय रुग्णांस भूल देऊन झोपवणे व शक्यतो पुन्हा उठवणे, मूळचा पुण्याचा, हल्ली मुक्काम लीड्स, पुढील मजकूर स्वखुशीने व कोणाच्याही दडपणावाचून लिहीत आहे. (पत्नी शेजारच्या खोलीत आहे. दडपण आढळल्यास ते नित्याचे समजावे.) माझी बुद्धी स्थिर आहे. हृदयाच्या काही वाहिन्यांनी मात्र असहकार पुकारला असल्याने येत्या पंधरवड्यात माझी छाती उघडण्यात येणार आहे. आयुष्यभर इतरांच्या उशाशी बसलेल्या मनुष्याने स्वतः त्या टेबलावर आडवे होण्यापूर्वी घर आवरून ठेवावे, हा साधा शिष्टाचार होय.

मजकूर मराठीत आहे, कारण इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही.

कलम पहिले. साक्षीदार. आमच्या वकीलबाईंनी बजावले आहे की, या देशाच्या कायद्याप्रमाणे जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच मृत्युपत्रातून कवडीही मिळत नाही. सही केली की वाटा गेला. सबब शेजारी मिस्टर हॅरप यांस मी काहीही ठेवत नाही व त्यांना साक्षीदार नेमतो. त्यांच्या गुलाबांवर आमच्या गॅरेजातील तांबडा प्रायमर उडाला, तेव्हापासून माझ्या मरणाविषयीच्या कागदावर ते आनंदाने सही करतील, अशी माझी खात्री आहे. दुसरे साक्षीदार म्हणून माझे सहकारी विनय येणार आहेत.

कलम दुसरे. राहते घर, बँकेतील ठेवी व पुण्यातील भूखंड, ज्यावर कोणीतरी म्हैस बांधतो, हे सर्व माझी पत्नी सौ. सुप्रभा हिचे. ज्या वस्तूचा उल्लेख राहून गेला, अथवा ज्या वस्तूचे दान काही कारणाने निष्फळ ठरले, तीही सुप्रभाचीच.

कलम तिसरे. मुले. चिरंजीव यशोधन ब्रॅकनेल येथे संगणकांच्या सहवासात सुखी आहे. त्यास माझा ग्रामोफोन. चिरंजीव कन्या शिल्पा मँचेस्टरला शिकते. तिला माझी सर्व पुस्तके, ती वाचणार नाही हे गृहीत धरून. मोटारीविषयी उभयतांची मते नोंदवून ठेवतो. यशोधन म्हणाला, "बाबा, ऑनेस्टली, दॅट कार इज अ होल विथ सम मेटल राउंड इट." शिल्पा म्हणाली, "पण तो गाडी किती हँडसम दिसतो!" लिंगाची गफलत सोडल्यास शिल्पाचे म्हणणे ग्राह्य आहे.

कलम चौथे. ऐरावती. जिच्यापायी हे सर्व लिहावे लागत आहे, ती १९६८ साली अमेरिकेत जन्मलेली डॉज चार्जर मोटार. लांबी आमच्या दिवाणखान्यापेक्षा अधिक, इंजिनाचा आवाज मेघगर्जनेसमान, पेट्रोलची तृष्णा अगस्तीसमान. स्वदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन वैमानिकाकडून मी ती १९८६ साली घेतली. घेतली असे म्हणण्यापेक्षा ती माझ्या गळ्यात पडली, आणि पडताना तिचा मागचा बंपर निखळला.

ऐरावतीचा देह गंजाने ग्रस्त होता. या देशात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ तिने वर्षानुवर्षे खाल्ले, परंतु खाल्ल्या मिठाला जागली नाही. स्क्रूड्रायव्हर जेथे टोचावा तेथे तो आत जाई. डिकीचे झाकण उघडले असता तळातून हिरवळ दिसे. सुप्रभा एकवार तिच्याभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाली, "अहो, ही गाडी आहे की गाळणी?"

अशा वेळी माझा वर्गबंधू डॉक्टर श्रीकांत गुप्ते पुढे सरसावला. हा मँचेस्टरचा प्लास्टिक सर्जन. जळालेल्या हातांवर त्वचा बसवण्यात याचा लौकिक मोठा. दर शनिवारी पेनाइन्सचा डोंगर ओलांडून तो येई. सोबत अनुराधावहिनींनी दिलेले बटाटेवडे असत. मी ग्राइंडरने गंजलेला पत्रा कापून काढी व तो नवा पत्रा वेल्डिंगने बसवी. पत्रा तापून वाकडा होऊ नये म्हणून एक ठिपका येथे, पुढचा हातभर अंतरावर, मग थंड होईपर्यंत वडा. त्याचे ते टाके पाहून देवांनी पुष्पवृष्टी करावी. प्रत्यक्षात ठिणग्यांची वृष्टी झाली व गॅरेजबाहेर वाळत घातलेले सुप्रभाचे सांडगे तळण्यापूर्वीच भाजले गेले. त्या सांडग्यांचा दोष मी येथे अधिकृतरीत्या श्रीकांतवर ठेवतो.

तो वेल्डिंगचा मुखवटा चढवून नाट्यपदे म्हणे. मुखवट्याच्या आतून सूर असा काही निघे की मिस्टर हॅरप खिडकी लावून घेत. दारांखालचे उंबरे झाले, डिकीचा तळ झाला, उजवी कूस झाली. ते शनिवार माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम होते. हे वाक्य सुप्रभाने वाचल्यास तिने त्यात "रविवार वगळता" असे घालून घ्यावे.

कलम पाचवे. वैराचे कारण. १९९१ साली येथील आमच्या मराठी मंडळाचा दसरा, म्हणजे दसऱ्यानंतरचा रविवार, आमच्या अंगणात ठरला. (या देशात सण शनिवार-रविवारीच उगवतात.) वाहनपूजेचा मान ऐरावतीस मिळणार, अशी घोषणा मी करून चुकलो होतो. परंतु डावी कूस बाकी होती. मागल्या चाकावर परातीएवढे भगदाड होते आणि त्या जागी बसणारा पत्रा अमेरिकेहून बोटीने निघाला होता. तो पोचायचा होता श्रीकांतच्या घरी.

दसऱ्याच्या सकाळी पाहतो तो कूस सुडौल, गुळगुळीत, वर ताजा रंग! मी म्हटले, बोट लवकर आली. श्रीकांत म्हणाला, "तू नारळ फोड, प्रश्न विचारू नकोस."

पूजा सुरू झाली. बॉनेटवर फुले, नारळ व स्वस्तिक यांनी जागा व्यापल्याने सुप्रभाने आपल्या मोटारीतला छोटा गणपती, ज्याच्या पायाशी लोहचुंबक असते, सर्वांस दर्शन घडावे म्हणून ऐरावतीच्या डाव्या कुशीवर ठेवला. गणपती चिकटला नाही. तिने पुन्हा ठेवला. विघ्नहर्ता सर्वांदेखत घसरत घसरत हळदीकुंकवाच्या ताटात येऊन बसला.

चुंबक लोखंडाशी खोटे बोलत नाही. त्या रंगाखाली लोखंड नव्हतेच. जाळी ठोकून तिच्यावर थापलेली लांबी होती, म्हणजे गॅरेजवाले खड्डे बुजवतात तो लगदा! जुन्या मोटारींच्या व्यवहारात याहून मोठे पाप नाही. आत गंज तसाच राहतो व वर सौंदर्य नांदते. मंडळाचे चिटणीस जयंत पोंक्षे मोठ्याने म्हणाले, "अहो चौबळ, प्लास्टिक सर्जननं खरंच प्लास्टिक लावलं की!" अंगण हसले. मी गॅरेजातून हातोडा आणला व एका घावात ती कूस जमीनदोस्त केली.

श्रीकांत म्हणाला, "पद्या, सगळ्या लीड्सला बोलावून बसलास तू. तुझं नाक वाचवत होतो मी."

मी म्हणालो, "नाक वाचवायला जाळी लागत नाही."

तो गेला. पुढच्याच आठवड्यात अमेरिकेचा पत्रा त्याच्या घरी पोचला आणि तेथेच राहिला. तेव्हापासून मोटार लीड्समध्ये, तिची कूस मँचेस्टरमध्ये, आणि मधे पेनाइन्स. दुसऱ्या कोणाच्या हातचा टाका मी तिला लागू दिला नाही व त्याने तो पत्रा दुसऱ्या कोणास विकला नाही. उभय पत्नी मात्र रोज फोनवर बोलतात. सुप्रभा सांगते, "वहिनी सांगत होत्या, भाऊजी म्हणतात, पद्यानं आधी फोन करावा." मी सांगतो, "त्या भाऊजींना म्हणावं, तार करा."

कलम सहावे. त्या दिवशी उरलेल्या लांबीचा डबा मी जपून ठेवला आहे. तो श्री. जयंत पोंक्षे यांस द्यावा. वार्षिक अहवालातील भेगा बुजवण्यास उपयोगी पडेल.

कलम सातवे. यासाठीच हा कागद. ऐरावती, तिच्या भगदाडासह, मी डॉक्टर श्रीकांत गुप्ते यांस देतो. अटी दोन. डाव्या कुशीला खरा पत्रा लागावा, आणि तो त्याच्याच हाताने लागावा. लांबीचा कणही चालणार नाही. ज्याने तिला लाज आणली, त्यानेच ती झाकावी. शिवाय असा टाका दुसऱ्या कोणाला येत नाही, हे सत्य मी केवळ कायदेशीर अचूकतेसाठी नमूद करतो.

पुरवणी, सह्यांपूर्वी लिहिलेली.

वरील मजकूर काल रात्री टेबलावर राहिला. आज रविवारी सकाळी सह्यांसाठी मिस्टर हॅरप वेळेवर हजर झाले. विनयऐवजी दारात श्रीकांत उभा राहिला. त्याच्या मोटारीच्या टपावर, गोधडीत गुंडाळून दोरीने बांधलेले, काहीतरी मोठे होते. सुप्रभा माझ्याकडे न पाहता चहा टाकायला गेली. मृत्युपत्र गुप्त असते, हे तिला कोणीतरी शिकवावयास हवे.

"पद्या, मरतोयस म्हणे?"

"तूर्त विचार नाही. छाती उघडून परत शिवायची आहे."

"शिवणार कोण? नीट शिवतो ना? नाहीतर तुला लांबी लावून देईल."

हसताना छातीत कळ आली, तरी हसलो. त्याने कागद ओढून घेतला, उभ्याउभ्या सातवे कलम वाचले आणि खुर्चीत बसला. बराच वेळ चष्मा पुसत होता.

"गाडी मला?"

"अटींवर."

"आणि तू नसताना ते टाके मी दाखवू कुणाला? त्या पोंक्ष्याला?" त्याने माझ्या खिशातले पेन काढले. "विनयला मी फोन करून नको सांगितलंय. साक्षीदार मी."

"श्रीकांत, पहिलं कलम वाच. सही केलीस तर गाडी जाईल तुझी."

"रात्रीच वहिनींनी फोनवर सगळं वाचून दाखवलंय. म्हणूनच करतोय."

मिस्टर हॅरप यांनी विचारले, "इज ही अलाउड टू डू दॅट?" मी म्हणालो, "परफेक्टली. ही ओन्ली लूजेस द कार." हॅरप म्हणाले, "लकी मॅन."

स्वयंपाकघरातून सुप्रभाचा आवाज आला, "म्हणजे दुसऱ्या कलमाप्रमाणे गाडी माझी ना हो? मी भंगारवाल्याशी बोलूनच ठेवलंय. त्या जागी टोमॅटो लावणार आहे."

कायद्याची ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती; श्रीकांतच्या मात्र रात्रीच आली असावी, कारण तो मिशीत हसत होता. सबब जाहीर करतो की, सातवे कलम या सहीने निष्फळ होत आहे, आणि टोमॅटोंपासून ऐरावतीचे रक्षण करण्याचा एकच मार्ग उरतो. तो म्हणजे मी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठून घरी येणे. तसे करण्याचा माझा निर्धार आहे. भूल देणाऱ्या सहकाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

वरील सर्व मी वाचले, ते माझेच आहे, व खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही करीत आहे.

पद्माकर त्र्यंबक चौबळ

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो, आमच्यासमोर त्यांनी सही केली, त्यानंतर आम्ही केली :

१. ए. हॅरप, शेजारी

२. डॉ. श्रीकांत गुप्ते, मँचेस्टर

लीड्स, रविवार, ६ मार्च १९९४

ता. क. (दुसऱ्या साक्षीदाराच्या हस्ताक्षरात) : पत्रा गॅरेजात उतरवला. वहिनींचा गणपती लावून पाहिला. चिकटतो. पद्याला काढता येईना, तसाच ठेवला आहे. पद्या, दवाखान्यातून घरी आलास की पहिल्या शनिवारी येतो. वडे आणतो. तुला एकच मिळेल.