राणीसरकारांचा नमुना

३ मार्च

चिंपांझीण आणखी वाळली. आम्ही तिला राणीसरकार म्हणतो — बरगड्या मोजून घ्याव्यात अशी राणी! आणि शीचा नमुना पुन्हा स्वच्छ. जंत नाही, अंडं नाही. संचालकसाहेबांचं निदान ठरलेलं — "वय झालं हो तिचं." पशुवैद्य मी की हे? प्राणिसंग्रहालयात येण्याआधी पाणीपट्टी खात्यात होते, अजून तिथलंच डोकं चालवतात.

५ मार्च

नमुना स्वच्छ. ती केळ्याकडे पाठ करून बसली.

साहेब म्हणतात, आठवडाभर बघा, नाहीतर "शांतपणे मोकळी करू." मारू म्हणायला यांची जीभ रेटत नाही!

६ मार्च

आज न सांगता सकाळीच पिंजऱ्यामागे गेले. मामा — तिचा रखवालदार, सगळे त्याला मामाच म्हणतात — पातळ शी पाण्यानं मोरीत ढकलत होता. मग पलीकडच्या कोपऱ्यातला एक घट्ट, देखणा गोळा उचलला, वरचा भुसा फुंकून उडवला आणि माझ्या डबीत भरला.

"हे काय चाललंय?"

"मॅडम, तुमच्या टेबलावर असली घाण कशी पाठवायची? तिचं चांगलं होत नाही ना, म्हणून शेजारच्या नराचं देत होतो."

कपाळाला हात लावला! म्हणजे मी इतके दिवस एका धडधाकट नराला निरोगी ठरवत होते. मोरीच्या तोंडाशी उरलेल्या तिच्या शीमध्ये दोऱ्यासारखे पांढरे जंत वळवळत होते. भिंगसुद्धा लागलं नाही.

७ मार्च

औषध सुरू. साहेबांना अहवाल दिला — हे जंत माणसाचे, चिंपांझीला ते माणसाकडूनच येतात, आणि तिच्याजवळ जाणारा माणूस एकच. असला अडाणी सभ्यपणा पिंजऱ्याजवळ नको. मामाची रवानगी फाटकावर. जाताना तिच्यापुढे केळं सोलून ठेवलं, "येतो गं बाई" म्हणाला आणि चक्क रडला. नाटकी!

नवरा म्हणतो, "जरा जास्तच केलंस." हा बँकेत बसून मला जंत शिकवणार.

११ मार्च

राणीसरकार खाताहेत! जीव भांड्यात पडला. माझ्या हातून पपई घेतली, साल मला परत दिली. किती बरं वाटलं! पण साहेब वार्ताहरांना सांगत होते, "आम्ही वेळीच ओळखलं." आम्ही! यांना चिंपांझी आणि माकड यांतला फरक अजून ओळखता येत नाही.

आता सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी. मीही डबी दिली — बाकीच्यांनी कुरकुर करू नये म्हणून.

१४ मार्च

निकाल आले. मामात काही नाही. साहेबांतही नाही. त्याच जंतांची अंडी फक्त माझ्यात. तिचं तोंड उघडून बघणारे, तिला भरवणारे हात माझेही होते, हे माझ्या अहवालात कुठेच नाही.

लाज वाटते. उद्या फाटक मामाच उघडेल. "नमस्कार मॅडम" म्हणेल.