मालकांची नावं मावेनात

३ जून
ताईच्या जनावरांच्या दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहायचं नक्की. पेशंट, मालक, लशी, ऑपरेशनं, सगळं एका बटणावर. ताई म्हणाली, जमेल का रे तुला? नुसता हसलो.

९ जून
वेलकम स्क्रीन तयार. माझं नाव रंग बदलत येतं, मग एक कुत्रा ट्यूनवर भुंकतो. आता किरकोळच राहिलंय.

१७ जून
'आउट ऑफ मेमरी.' प्रोग्रॅम उघडतच नाही. मशीनचाच दोष. कॉम्प्युटरवाल्याला झापून जादा मेमरी बसवून घेतली.

१८ जून
तरी तेच! कॉम्प्युटरवाला म्हणतो, या जुन्या सिस्टिमवर मेमरी कितीही घाला, साध्या प्रोग्रॅमला पहिले सहाशे चाळीस केबीच मिळतात. त्यातही सिस्टिम आधी हात मारते. म्हणजे बंगला बांधा आणि जिन्याखाली राहा. विचारलं, आधी का नाही बोललात? म्हणे, तुम्ही बोलू कुठे दिलंत?

१९ जून
जागा करतोय. माउस काढला. छपाई काढली. हेल्प काढली, माझ्या प्रोग्रॅममध्ये मदत लागणार कुणाला? तरी मावेना. बायको म्हणाली, तुमचा तो भुंकणारा कुत्रा काढा की. कलेतलं तिला काय कळतंय.

२२ जून
जेवण जात नाही. ताईचा फोन. उद्या देतो म्हणालो. उद्या काय देणार, देव जाणे.

२३ जून, सकाळ
सुचलं! मालकांची नावंच उडवली. आजारी जनावर पडतं, मालक नव्हे. प्रोग्रॅम उघडला. कुत्रा भुंकला. डोळे भरून आले.

२६ जून
दवाखान्यात सुरू. कंपाउंडर म्हणाला, साहेब, यात टायगर फार झालेत. म्हटलं, सवय होईल.

२७ जून
झाली नाही. आज दोन टायगर आले, दोन्ही काळे. एक नसबंदीला, दुसरा नुसत्या लशीला. लशीवाला मेजरसाहेबांचा. त्याच्यासाठी त्यांनी स्थळसुद्धा पाहून ठेवलं होतं.
आता उपयोग नाही.
मेजरसाहेब सगळ्यांदेखत ताईला वाटेल ते बोलले. ती मान खाली घालून माफी मागत होती. ते गेल्यावर आत जाऊन रडली. प्रोग्रॅम एकदाही बंद पडला नाही, हे सांगायला मी दारापर्यंत गेलो होतो. नाही सांगितलं.

२८ जून
पहाटेच उठून वेलकम स्क्रीन पुसली. कुत्रा, ट्यून, माझं नाव, सगळं. मालक पत्त्यांसकट मावले, वर जागा उरली. फ्लॉपी घेऊन धावत दवाखाना गाठला.
मॉनिटरवर टोपली. टोपलीत आई नसलेली मांजराची तीन पिल्लं. ताईला म्हटलं, आता सगळं नीट मावतंय बघ. ती म्हणाली, प्रोग्रॅम राहू दे रे. नुसता मॉनिटर चालू करून ठेव, पिल्लांना ऊब लागते.
चालू करून दिला.