दर शुक्रवारची झाडलोट

ओटलँड्स, टास्मानिया
रविवार

प्रिय ऊनास,

तुझा गुडघा कसा आहे? माझ्यावरचा राग साधारण त्याच वयाचा, तेव्हा थंडीत दोन्ही ठणकत असणार. मी ठीक आहे. आजारी होता तो कॉम्प्युटर.

ग्रंथालयातल्या ब्रॉनविननं माझ्या जुन्या हार्ड डिस्कच्या जोडीला एक छोटी चपळ एसएसडी बसवून दिली. आपण जे वारंवार उघडतो ते ही जवळ धरून ठेवते आणि मागताक्षणी पुढे करते (याला कॅशे म्हणतात). मला रोज सकाळी चहाबरोबर एकच गोष्ट लागते. डल्सीचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात ती मला चिखलाच्या बुटांवरून झापते (तुझी बहीण शेवटपर्यंत तशीच होती). पण शनिवार उजाडला की ती तोंड उघडायची आणि तशीच थांबायची. चहा गार झाला तरी शब्द नाही! एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे एकदाही घडलं नव्हतं.

मी वायरी बदलल्या, पंख्यातली लोकर काढली, डिस्कला शिव्या घातल्या. शेवटी ब्रॉनविन आली. "क्लॅरी, हा कॅशे कोण रिकामा करतं?" मी ऐटीत म्हणालो, मीच, दर शुक्रवारी. (मेंढ्यांच्या कातरणीच्या शेडवर जन्मभर मुकादम होतो. शुक्रवारी शेवटची मेंढी बाहेर गेली की शेड लख्ख झाडायची, हातांना तेच वळण.) तिनं कपाळाला हात लावला. "अहो, ती एसएसडी बिचारी आठवडाभर तुम्हाला काय लागतं ते शिकते, आणि तुम्ही तिला पुन्हा कोरी करता. मग ती तुम्हाला ओळखणार कशी?"

डल्सी गेल्यावर आठव्या दिवशी मी तिचं कपाट उपसून सगळं तुझ्या गाडीत भरलं होतं. तू अंगणात उभी राहून म्हणालीस, "क्लॅरी, माणूस गेलंय आपलं. शेड झाडतोयस काय?" त्यानंतर दोन वर्षं तुझा फोन नाही. तेव्हा मला तुझाच राग आला होता. चूक माझी होती, ऊना.

आता शुक्रवारी मी कशालाही हात लावत नाही. डल्सी लगेच झापते.

तुझा,
क्लॅरी

ता. क. मागणं काही नाही, सहज लिहिलं.

ता. क. दुसरा: तिचा तो हिरवा स्वेटर, कोपराला भोक पडलेला, कुणाला दिला नसशील तर घेऊन ये. पोस्टानं नको, तूच ये. ठेवायला कपाटात जागा भरपूर आहे. मीच झाडलंय ते.