भोंग्याचा खुलासा

तीर्थस्वरूप दादांना साष्टांग नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींनाही नमस्कार सांगा. इकडे मी ठीक, म्हणजे नोकरी अजून आहे.

ती जाता जाता वाचली. आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात भोंगा वाजवायचं काम माझ्याकडे असतं हे तुम्ही जाणताच. गेल्या आठवड्यात जेवणानंतर माझा डोळा लागला, दचकून उठलो आणि पाचचा भोंगा तीनलाच दिला. चारशे माणसं एक अक्षर न विचारता घरी गेली (एरवी ही शिस्त कुठे असते कोण जाणे) आणि भट्टीतल्या बिस्किटांचा कोळसा झाला. साहेबांची इंग्रजीत चिठ्ठी आली, एक्स्प्लेन करा, नाहीतर घरी बसा.

मी डिक्शनरी उघडली, तर त्या एका शब्दाची भावकीच बाहेर आली. त्यातला भारदस्त म्हणून 'इल्युसिडेट', म्हणजे उलगडून सांगणे, निवडला आणि भोंगा मुळात वाजतो कसा इथपासून नऊ पानं लिहिली. तुमची बहीण छापखान्यात मुद्रितं तपासते (तिच्यापुढे जांभई दिली तरी त्यात चूक निघते). ती म्हणाली, साहेबांना भोंगा कळतो, तुम्ही कळत नाही. मग 'जस्टिफाय' करून पाहिलं. त्यात दोष जेवणाचा, म्हणजे डब्याचा, म्हणजे तिचाच निघाला. तो कागद मला परत दिसला नाही. शेवटी 'क्लॅरिफाय' मला सभ्य वाटला.

"क्लॅरिफाय करायचं ते समोरच्याचा गैरसमज झाला असेल तर," ती म्हणाली. "त्यांचा कुठे झालाय? तुम्ही झोपला होतात."

आणि साध्या एक्स्प्लेनवर येऊन तिने तीन ओळी लिहिल्या. झोप लागली, घड्याळ न पाहता भोंगा दिला, चूक माझी. दादा, नऊ पानांत मला जमलं नाही ते तिने चहा निवायच्या आत केलं. मी फक्त सही केली. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, इतका नेमका लिहिणारा माणूस भोंग्यावर काय करतोय? मी मनात म्हटलं, अशी बायको मिळायला खरोखर भाग्य लागतं.

आपला,
मेहुणा

ता. क. : साहेबांच्या त्या प्रश्नावर मी गप्प बसलो. त्यांनी मला पत्रव्यवहाराच्या खुर्चीवर नेमलं.

आणखी एक ता. क. : ती तुमच्याकडे आलीय ती माहेरपणाला नव्हे. गप्प का बसलात ते एक्स्प्लेन करा, मगच येते, असं सांगून गेलीय. मला काही सुचेना, कारण शब्द निवडून द्यायला घरात कुणी नाही. म्हणून आज सकाळी साहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगून टाकलं. मी पुन्हा भोंग्यावर आलो. ती खुर्ची त्यांनी तिच्यासाठी ठेवलीय आणि विचारलंय, त्या केव्हा येतील? मीही तेच विचारतोय.